फळ्यावरचे ते दोन रकाने

पत्राचा सारांश: ‘मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, नववीचा वर्गशिक्षक आहे. वर्गात 44 विद्यार्थी. ‘बायल्या’, ‘मुलीसारखा काय रडतोस’ असले शब्द वर्गात सर्रास कानावर यायला लागले, म्हणून एक तास या विषयावर बोलायचं ठरवलं. फळ्यावर ‘मुलगे’ आणि ‘मुली’ असे दोन रकाने आखले आणि कोण कसं असतं ते सांगायला लावलं. दहा मिनिटांत वर्गात दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, ‘समानता म्हणता, मग सगळ्या सवलती मुलींनाच का?’ त्याला टाळ्या पडल्या. नृत्य शिकणाऱ्या एका शांत मुलावर मागच्या बाकावरून शेरा आला आणि सगळा वर्ग हसला. बहुतेक मुली तासभर गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी एका पालकांचा फोन आला: ‘अभ्यास शिकवा, असलं काही डोक्यात भरवू नका.’ हा विषय सोडून द्यावा का? मुलगे आणि मुलींना वेगवेगळं बसवून घ्यावा का? की मी पुरुष आहे म्हणून एखाद्या सहकारी बाईंकडे सोपवावा? आणि मुलांनी माझं मत विचारलं तर सांगावं का?’

नमस्कार सर,

विषय सोडू नका. त्या तासाला जे बिघडलं ते विषयामुळे नाही आणि तुमच्या वर्गातले मुलगे वाईट आहेत म्हणूनही नाही. ते बिघडलं फळ्यावरच्या त्या दोन रकान्यांमुळे.

‘मुलगे’ आणि ‘मुली’ असे रकाने आखले की मुलांच्या डोक्यात विचार सुरू होण्याआधीच वाटणी होते. 44 जणांना 44 प्रकारे विचार करायचा होता, तिथे दोनच बाजू उरल्या, आणि आपली बाजू राखणं हेच काम होऊन बसलं. शिवाय यादीतलं एकेक वाक्य वर्गशिक्षकाच्या हातून खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं. ‘मुली हळव्या असतात’ हे तुम्ही तपासण्यासाठी लिहिलंत, पण मागच्या बाकावर ते ‘सरांनी लिहिलंय’ असं पोचतं. मोठ्या माणसांवर झालेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. ‘बहुतेक लोक असा साचेबंद विचार करतात’ एवढं सांगितल्यावर ऐकणाऱ्यांचा साचेबंद विचार कमी होण्याऐवजी वाढला, असं त्यात दिसलं. सगळेच करतात म्हटलं की ते चालतं असं वाटू लागतं. त्यामुळे समजुतींची यादी काढून नंतर ती खोडण्याचा क्रमच उलटा पडतो. यादी लक्षात राहते, खोडणं विसरलं जातं.

मग फळ्यावर काय लिहायचं? इथे मराठी व्याकरण कामाला येतं. ‘मुलगे रडत नाहीत’ आणि ‘मुलग्यांनी रडू नये’ ही दोन वाक्यं बोलण्यात एकमेकांच्या जागी सहज वापरली जातात, पण ती दोन वेगळ्या जातीची आहेत. पहिलं वाक्य माहिती सांगतं, ती खरी की खोटी हे तपासता येतं. दुसरं विध्यर्थी आहे, ते नियम सांगतं. पहिल्याला आपण साचेबंद कल्पना म्हणतो आणि दुसऱ्याला रूढ अपेक्षा. नववीच्या मुलांना विध्यर्थ शिकवलेला असतो, म्हणून नवीन संज्ञांचं ओझं न टाकता फळ्यावर तीन रकाने आखा: ‘असतात’, ‘असावं’ आणि ‘नाहीतर काय होतं?’

सगळा जीव तिसऱ्या रकान्यात आहे. नियम खरोखर आहे की नाही हे तो मोडल्यावरच कळतं. मुलगा रडला तर काय होतं? हसतात, नाव ठेवतात, ते नाव शाळा सुटेपर्यंत चिकटतं. मुलीने मोठ्या आवाजात आपलं म्हणणं मांडलं तर? ‘आगाऊ’ म्हणतात. तेच मुलाने केलं तर ‘ठाम’. या रकान्यात वाक्यं लिहायला लागल्यावर वर्गाचे दोन तट राहत नाहीत, कारण शिक्षा दोघांनाही आहे, फक्त वेगवेगळ्या गोष्टींसाठी. चर्चा ‘कोण चांगलं’ यावरून ‘कुणाला कशासाठी टोचलं जातं’ यावर येते. त्या वयाच्या मुलांना हे टोचणं तुमच्याआमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

एक पथ्य पाळा. तिसऱ्या रकान्यातलं उदाहरण वर्गातल्या कुणाचं नसावं आणि कुणाच्या घरातलंही नसावं. ‘एखादा मुलगा’, ‘एखादी मुलगी’ एवढंच. हा नियम तासाच्या पहिल्या मिनिटाला सांगा आणि कुणी बोट दाखवलं तर वाक्य पुरं होण्याआधी थांबवा. ‘घरी कोणतं काम कोण करतं’ असा तक्ता भरून आणायला सांगण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती मला धोक्याची वाटते. ज्याच्या घरी एकच पालक आहे, ज्याच्या घरात मारहाण होते, जो नातेवाइकांकडे राहतो, त्याला तो तक्ता म्हणजे उघडं पडणं असतं. तो खोटं लिहितो किंवा त्या दिवशी शाळेतच येत नाही. त्याऐवजी पाठ्यपुस्तक घ्या. कोणत्याही एका पुस्तकाची सलग 30 पानं, प्रत्येक चित्रासाठी चार नोंदी: कोण आहे, काय करतंय, घरात की बाहेर, बोलतंय की ऐकतंय. चौघांच्या गटाला हे काम वीस मिनिटांत होतं, आणि आकडे मुलांनी स्वतः मोजलेले असल्याने त्यावर ‘सर मुद्दाम सांगतात’ म्हणता येत नाही.

पहिल्या तासाला मात्र मी चित्रांनी सुरुवात करणार नाही. भाषेने करीन. इंग्रजीत ‘डॉक्टर आत आले’ आणि ‘डॉक्टर आत आल्या’ ही दोन्ही वाक्यं एकच होतात. मराठीत भूतकाळातलं क्रियापद लगेच चुगली करतं. एका ठिकाणी मात्र ते गप्प बसतं: कर्त्याला ‘नी’ लागला आणि क्रियापद कर्माप्रमाणे चाललं की कर्ता बाई की पुरुष हे कळत नाही. त्याचा फायदा घ्या. फळ्यावर असा परिच्छेद लिहा:

‘डॉक्टरांनी हातमोजे काढले. नर्सनी फाईल पुढे केली. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. बाहेर रुग्णाच्या घरच्यांनी दाराकडे डोळे लावले होते.’

आता प्रत्येकाने पुढची पाच वाक्यं लिहायची. त्यात जाणं, येणं, बसणं, म्हणणं यांपैकी किमान तीन क्रियापदं भूतकाळात यायला हवीत आणि डॉक्टर व नर्स दोघांनाही एकेक नाव द्यायचं. वेळ आठ मिनिटं. वहीत नको, सुट्या कागदावर, स्वतःचं नाव न घालता. कशासाठी लिहितोय हे आधी सांगू नका.

लिहून झाल्यावर कागद गोळा करा, मिसळा, पुन्हा वाटा, आणि प्रत्येकाला हातात आलेल्या कागदावरची क्रियापदं मोजू द्या. ‘आले’ किती, ‘आल्या’ किती, ‘आली’ किती. इथे एक हुशार विद्यार्थी हमखास म्हणेल, ‘सर, डॉक्टर ‘आले’ हे आदरार्थी आहे, त्याचा अर्थ पुरुष असा नाही.’ आक्षेप रास्त आहे, झटकू नका. बाईंना आदर द्यायचा असेल तर मराठीत ‘आल्या’ होतं हे वर्गाकडून काढून घ्या, आणि मग नावं बघायला सांगा. नावं त्यासाठीच लिहून घेतली आहेत. त्याच मोजणीत दुसरी गोष्टही वर येण्याची शक्यता आहे: काही कागदांवर डॉक्टर ‘आले’ आणि नर्स ‘आली’ असेल. एकाला आदरार्थी अनेकवचन, दुसरीला एकवचन. बाई-पुरुष या साच्याला मोठं काम आणि छोटं काम हा दुसरा साचा चिकटलेला असतो तो असा. म्हणूनच परिच्छेद लिहिताना काळजी घ्या: तुमच्या हातून ‘नर्सनी’ ऐवजी ‘नर्सने’ लिहिलं गेलं तर तो साचा तुम्हीच पुरवलात, प्रयोग तिथेच संपला.

आणि समजा, वर्गाने अगदी समसमान लिहिलं तर? तर तसं सांगा. ‘मला वाटलं होतं तसं निघालं नाही, असं का झालं असेल?’ विज्ञानाच्या शिक्षकाला हे वाक्य नवीन नाही. हवं ते उत्तर निघेपर्यंत ओढत नेलं की मुलांना ते कळतं, आणि पुढचं काहीच ती मनावर घेत नाहीत.

तुमच्या विषयातलाच एक जुना प्रयोग दुसऱ्या तासासाठी चांगला आहे. डेव्हिड चेंबर्स यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 4807 मुलामुलींनी शास्त्रज्ञाचं चित्र काढलं होतं. त्यांतल्या फक्त 28 चित्रांत शास्त्रज्ञ बाई होती, आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढली होती. 2018 साली अमेरिकेतल्या अशा अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. 1985 नंतरच्या अभ्यासांत बाई शास्त्रज्ञ काढणाऱ्यांचं प्रमाण सरासरी 28 टक्क्यांपर्यंत आलेलं दिसलं. मात्र वय वाढतं तसं पुरुष शास्त्रज्ञ काढण्याचं प्रमाणही वाढतं, आणि 14-15 व्या वर्षी ते ठळक असतं. म्हणजे तुमच्या वर्गाचंच वय. हे आकडे मुलांसमोर ठेवताना दोन्ही टोकं ठेवा: साचा हलतो, आणि तो मोठं होताना पुन्हा घट्टही बसतो. यात मुलांना दोष देण्यासारखं काही नाही.

‘निसर्गानेच वेगळं केलंय’ हे वाक्य येणारच, त्याची तयारी हवी. ते चूक आहे असं ठोकून सांगू नका, कारण ते पूर्ण चूक नाही. वयात आल्यानंतर सरासरी उंची, स्नायूंची ताकद, चेंडू फेकण्याचा वेग यांत मोठा फरक असतो. पण जॅनेट हाइड यांनी 2005 साली स्त्री-पुरुष फरकांवरच्या 46 एकत्रित अभ्यासांची छाननी केली तेव्हा तपासलेल्या फरकांपैकी 78 टक्के एक तर अगदी लहान किंवा जवळपास शून्य निघाले. वर्गात हे दाखवायला शरीराची मापं घेऊ नका. या वयात उंची-वजन ही दुखरी जागा असते. साधी पट्टी पुरते. एकाने 30 सेंटिमीटरची पट्टी वरून सोडायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटं उघडी ठेवून ती पकडायची. तीन वेळा, त्यांची सरासरी. 15 सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिसादाचा वेळ सुमारे 0.175 सेकंद, 20 वर पकडली तर सुमारे 0.2 सेकंद. प्रत्येकाने सरासरी चिठ्ठीवर लिहायची, मागे मुलगा-मुलगी अशी खूण करायची. ज्याला खूण करायची नाही त्याने करू नये, कारण विचारू नये. फळ्यावर सगळे ठिपके एकाच रंगात मांडा आणि विचारा, ‘यातले मुलींचे ठिपके ओळखा.’ सहसा ओळखता येत नाहीत, कारण दोन्ही गटांचे ठिपके एकमेकांत मिसळलेले असतात. सरासरीत थोडा फरक निघालाच तरी बिघडत नाही. सरासरी समोर उभ्या असलेल्या एका माणसाबद्दल काही सांगत नाही, हेच तर दाखवायचंय.

आणि ‘हे पूर्वीपासून असंच आहे’ याला उत्तर म्हणून दोन गोष्टी हाताशी ठेवा. टाचांचे बूट सतराव्या शतकातल्या युरोपात उमराव पुरुषांची शान होते, फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचा मिरवायचा. आणि ‘एनियाक’ हा सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक 1945-46 साली चालवायला, त्याची गणितं बसवायला सहा तरुणी होत्या. यंत्र जोडणं हे पुरुषांचं मोठं काम आणि त्याला सूचना देणं हे कारकुनी, म्हणून बायकांचं, असं तेव्हा मानलं जाई. पुढे तेच काम मोठं ठरलं तेव्हा ते ‘पुरुषांचं’ झालं. हे दुसरं उदाहरण जास्त मोलाचं आहे. त्यातून कामाचा मान आणि काम करणारा कोण, यांचं नातं दिसतं.

आता त्या मुलाचा प्रश्न. ‘सगळ्या सवलती मुलींनाच का?’ तुम्हाला तो उद्धटपणा वाटला असेल. मला तो तासातला सर्वात उपयोगी प्रश्न वाटतो, फक्त तो टाळ्यांसकट आला. त्याला भाषणाने उत्तर दिलंत तर तो हरेल आणि त्याच्यामागे टाळ्या वाजवणारे सगळे त्याच्याबरोबर हरतील. मग पुढच्या तासाला ते ऐकायला येणार नाहीत, जिंकायला येतील. त्यापेक्षा विचारा: ‘नेमकी कुठली सवलत? एक सांग.’ मग: ‘हा नियम कुणी केला?’ आणि मग: ‘तो करताना मुलींबद्दल काय धरून चाललेत? आणि तुझ्याबद्दल?’ तो म्हणेल, गृहपाठ न केल्याबद्दल मुलींना नुसतं बोलतात, आम्हाला उभं करतात. फळ्यावर लिहा. त्याखाली गृहीतक: ‘मुली नाजूक असतात.’ आणि दुसरं: ‘मुलग्यांना काही लागत नाही.’ दोन्ही वाक्यं एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. ज्या समजुतीने तिला शिक्षा सौम्य होते, त्याच समजुतीने ‘चार मुलगे या, बाकं उचला’ होतं आणि तिला कुणी विचारतही नाही की तुला उचलायचंय का.

सगळ्या सवलतींचं असं होणार नाही. काही तरतुदी जुनी विषमता भरून काढण्यासाठी केलेल्या असतात, त्यांचा हिशेब वेगळा असतो. तो विषय निघाला तर फळ्याच्या कोपऱ्यात ‘थांबा-यादी’ करून तिथे नोंदवा आणि पुढच्या तासाला आकडे घेऊन खरोखर त्यावर या. नोंदवून विसरलात तर ती यादी म्हणजे टाळण्याची जागा आहे, हे मुलं ताबडतोब ओळखतात.

मुलग्यांचं दुःखही दुःख असतं, हे या चर्चेत बहुधा राहून जातं. जोसेफ व्हँडेलो, जेनिफर बॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2008 सालच्या अभ्यासात दिसलं की पुरुषपण ही कमवावी लागणारी आणि एका क्षणात हातची जाणारी गोष्ट मानली जाते, बाईपण तितकं नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हे रोज सिद्ध करावं लागतं: न रडून, मारामारीत मागे न हटून, आणि कुणाला तरी ‘बायल्या’ म्हणून. तो शब्द कसा काम करतो हे वर्गात मोकळेपणी बोला. मुलाला ‘मुलीसारखा’ म्हटलं की शिवी होते. मुलीला ‘मुलासारखी शूर’ म्हटलं की कौतुक. दोन्हीकडे खालची पायरी कुणाची ते मुलांना शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

गप्प बसलेल्या मुलींना ‘तुम्ही पण बोला’ असं म्हणू नका. त्याने सगळ्या माना एकदम वळतात. त्यांचं गप्प बसणं म्हणजे मत नसणं नव्हे. तिसऱ्या रकान्यातली शिक्षा त्यांना पाठ असते, एवढंच. आधी लिहायला दोन मिनिटं द्या, मग जोडीत बोलू द्या, मग चौघांत, आणि मगच वर्गासमोर. गट मिश्र ठेवा, पण तिघांत एकटी मुलगी किंवा एकटा मुलगा नको. प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद थांबा. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात शिक्षकांच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं, आणि थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात. मनात आकडे मोजा.

हसण्याला न घाबरता प्रत्येकाचं मत कळायचं असेल तर चिठ्ठ्या घ्या, पण दोन प्रश्नांच्या. एक: ‘मुलगा रडला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्हाला पटतं का?’ हो किंवा नाही. दोन: ‘वर्गातल्या 44 पैकी किती जणांना पटत असेल?’ आकडा. माणसं बरेचदा स्वतःला एकटं समजतात. सौदी अरेबियात रियाध इथे तरुण विवाहित पुरुषांमध्ये झालेला एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. बायकांनी घराबाहेर नोकरी करावी हे त्यांतल्या बहुतेकांना मान्य होतं, पण इतर पुरुषांना ते मान्य नसेल असं त्यांना वाटत होतं. खरा आकडा सांगितल्यावर बायकोचं नाव नोकरीसाठी नोंदवायला तयार होणाऱ्यांची संख्या वाढली. तुमच्या वर्गात ‘34 जणांना पटतं, आणि वर्गाचा अंदाज 15’ असं काही निघालं तर तो एक आकडा तुमच्या दहा भाषणांचं काम करेल. मात्र चिठ्ठ्या वर्गात मोजू नका. घरी मोजा. ‘नाही’ वाले जास्त निघाले तर तो आकडा जाहीर करण्यात तोटाच आहे. मग तो विषय तिसऱ्या रकान्यातून घ्या. चिठ्ठ्या तुम्हीच वाचा, विद्यार्थ्याच्या हाती देऊ नका, अक्षर ओळखलं जातं. आणि एखाद्या चिठ्ठीत मार, छळ, कुणी अंगाला हात लावल्याचं काही आलं तर ती चर्चेची गोष्ट राहत नाही. शाळेची त्यासाठी जी ठरलेली वाट आहे तिने त्याच दिवशी जा. ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचन मुलाला आधी कधीच देऊ नका.

वेगवेगळं बसवण्याबद्दल तुम्ही विचारलंत. पाळी किंवा शरीरातले बदल अशा काही माहितीसाठी कधी कधी त्याचा उपयोग होतो. या विषयासाठी नाही. वेगळ्या खोलीत बसलेले मुलगे मुलींबद्दल जे बोलतील त्याला उत्तर द्यायला तिथे मुलगी नसेल, आणि उलटही तसंच. शिवाय ‘मुलगे इकडे, मुली तिकडे’ म्हटल्यावर आपण कुठे जायचं हा प्रश्न ज्याच्या पोटात गोळा आणतो असं मूल कोणत्याही वर्गात असू शकतं, आणि ते कोण हे तुम्हाला माहीत असेलच असं नाही. रेबेका बिगलर यांच्या 1995 सालच्या प्रयोगात प्राथमिक वर्गांतल्या शिक्षकांनी काही आठवडे ही वाटणी मुद्दाम वापरली, तेव्हा मुलांच्या साचेबंद कल्पना वाढल्या, विशेषतः ज्यांना एका गोष्टीचं दोन प्रकारे वर्गीकरण करणं जमत नव्हतं अशांच्या. तुमची मुलं मोठी आहेत, तरी रांगा, गट, स्पर्धा यांत ‘मुलगे विरुद्ध मुली’ थांबवणं उद्यापासून जमेल. हजेरीच्या क्रमांकाने गट करा.

शब्दांकडेही लक्ष असू द्या. ‘मुलं’ म्हणजे सगळीच, की फक्त मुलगे? मराठीत दोन्ही चालतं, म्हणून ‘मुलं आणि मुली’ म्हटलं की मुली ‘मुलां’तून बाहेर पडतात. ‘मुलगे’ म्हणायचं तेव्हा ‘मुलगे’ म्हणा. ‘मुलीही गणितात मुलांइतक्याच हुशार असतात’ हे वाक्य तर टाळाच. हेतू चांगला, पण त्यात मुलगे हे माप ठरतात. अशी रचना ऐकल्यावर, ज्यांच्याशी तुलना केली तेच मुळात सरस, असा अर्थ घेतला जातो हे 2018 सालच्या एका अभ्यासात दिसलं. ‘गणितात मुलगे आणि मुली सारखेच’ एवढं पुरे.

तुम्ही पुरुष आहात म्हणून हा विषय बाईंकडे द्यायचा? अजिबात नको. दिलात तर हा ‘बायकांचा विषय’ आहे हे तुम्ही एकही शब्द न बोलता शिकवाल. बाईंबरोबर मिळून घेतलात तर उत्तम, पण बाकं कोण उचलतं आणि फलक कोण सजवतं हा प्रश्न वर्गासमोर एका पुरुषाने स्वतःच्या सवयीबद्दल विचारण्याला वेगळंच वजन असतं. त्यासाठी आधी स्वतःची मोजणी करून घ्या. एखाद्या सहकाऱ्याला तुमच्या तासाला मागे बसवा, वीस मिनिटं फक्त रेघा ओढायला सांगा: उत्तरासाठी कुणाला उभं केलं, उत्तर चुकल्यावर कुणाला पुढचा प्रश्न विचारून संधी दिली आणि कुणाला ‘बस’ म्हटलं, कौतुक कशाचं केलं (अक्षराचं की विचाराचं), रागावलं कुणाला. दोन आठवड्यांत चार तासांची अशी नोंद झाली तर चित्र उभं राहतं. ते वर्गाला दाखवायला कचरू नका.

मत सांगण्याचं म्हणाल, तर आधी प्रश्न कोणत्या जातीचा ते बघा. जे तपासता येतं तिथे मत नको, पुरावा द्या. ज्यावर समंजस माणसांची वेगवेगळी मतं असू शकतात, उदाहरणार्थ मूल लहान असताना कुणी घरी राहावं, तिथे आपलं मत शेवटी सांगा, कारणासकट, आणि ते न पटणाऱ्याचा मान राखून. पण मुलींनी शिकावं का, मुलगा नाचला तर त्याची टिंगल करावी का, हे वादविवादाचे विषयच नाहीत. त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध अशा जोड्या लावू नका. वर्गातल्या कुणाच्या तरी जगण्याच्या हक्काची ती परीक्षा होते आणि त्याला तिथेच बसून ऐकावी लागते.

ज्या मुलावर वर्ग हसला, त्याच्याशी पुढच्या तासाच्या आधी बोला. एकट्याने, दोन मिनिटं, चालता चालता, कार्यालयात बोलावून नाही. ‘परवा जे झालं ते मी तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. ते माझं चुकलं. यापुढे ते होऊ देणार नाही.’ एवढंच. कसं वाटलं विचारू नका, धीर देणारं भाषण नको, आणि वर्गात त्याच्या नृत्याचं जाहीर कौतुक तर मुळीच नको. त्याने तो पुन्हा उदाहरण बनतो. शेरा मारणाऱ्यालाही वेगळं गाठा. पुन्हा तसं झालं तर वर्गात म्हणायचं वाक्य आत्ताच ठरवून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही: ‘इथे माणसावर बोलायचं नाही, मुद्द्यावर बोल.’ आवाज न चढवता म्हणा आणि लगेच पुढचा प्रश्न घ्या. लांबलेलं रागावणं म्हणजे शेरा मारणाऱ्याला मिळालेला रंगमंच.

त्या पालकांना तुम्ही आपणहून फोन करा, मुख्याध्यापकांना सांगून. बाजू मांडायला सुरुवात करण्याआधी विचारा की मुलाने घरी नेमकं काय सांगितलं. बरेचदा घरी पोचलेली गोष्ट वर्गात घडलेल्या गोष्टीपेक्षा फार वेगळी असते, आणि बऱ्याच पालकांची खरी भीती एवढीच असते की आपल्या घरातलं वर्गात विचारलं जाईल. ते विचारलं जाणार नाही हे स्पष्ट सांगा. पुढच्या तीन तासांत काय होणार आहे ते सगळ्याच पालकांना आधी अर्ध्या पानात कळवा: परिच्छेद पुरा करणं, पुस्तकातल्या चित्रांची मोजणी, पट्टीचा प्रयोग. खाली एक ओळ: ‘कुणालाही स्वतःबद्दल किंवा घराबद्दल बोलायला सांगितलं जाणार नाही.’ ज्यांना बघायचंय त्यांना तासाला येऊन मागे बसू द्या. आलेच, तर त्यांच्याही हातात एक सुटा कागद द्या आणि डॉक्टर-नर्सचा परिच्छेद पुरा करायला सांगा.